शेवटची बस गेल्यानंतर

पहिले सहा आठवडे मी रात्री साडेनऊला खोलीचं दार आतून लावून घ्यायचे. बाहेर चपलांचे आवाज, कुणीतरी कुणाला मारलेल्या हाका, जिन्यावरून खाली खाली जाणारं हसणं, मग फाटकाचा खणखणाट आणि त्यानंतर एकदम शांतता. ती शांतता मला फार लागायची. आई फोनवर विचारायची, "झाल्या का गं मैत्रिणी?" आणि मी म्हणायचे, "हो, खूप." एकही झाली नव्हती.

यंदा आमच्या मजल्यावर नवीन आलेल्या एका मुलीने मला जिन्यात गाठलं. "ताई, तुमचं सगळ्यांचं पहिल्यापासूनच असं जमलं होतं का?" मला तासाला जायचं होतं, घाईत तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून माझं पहिलं वर्ष जसं गेलं तसं लिहून काढतेय.

आमच्या शहरातल्या विद्यापीठाला कुंपण नाही. एक विभाग या रस्त्यावर, ग्रंथालय दोन चौक पलीकडे, प्रयोगशाळा आणखी कुठेतरी. तास संपला की वर्गातली साठ माणसं पाच मिनिटांत शहरात विरघळून जातात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरून ये-जा करणारी. संध्याकाळ झाली की त्यांचं लक्ष घड्याळाकडे, कारण शेवटची बस. दिवसा ओळख होते, पण त्या ओळखीचं पुढे काही व्हायला जो रिकामा वेळ लागतो तो दिवसा मिळतच नाही. तो असतो रात्री. हे मला कळायला दीड महिना गेला, आणि तोवर मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

सातव्या आठवड्यात मी पहिल्यांदा बाहेर पडले. सीनियर मुलींनी क्लबचा प्लॅन केला होता, आम्ही वीस-बावीस जणी. आत गेल्यावर शेजारच्या मुलीने कानाशी येऊन ओरडून विचारलं, "कुठला विभाग?" मी ओरडून सांगितलं, "इतिहास." तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने फक्त मान डोलावली. तीन तासांत आमचं एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या कानात शिट्टी वाजत होती. नंतर मी वाचलं की ८५ डेसिबलच्या आवाजात जास्तीत जास्त आठ तास राहावं, आणि पुढे दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. क्लबमध्ये स्पीकरजवळ १०० डेसिबल ही रोजची गोष्ट आहे. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये इअरप्लग असतात. घातले तरी गाणं ऐकू येतं, नाचताही येतं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्या रात्रीचं खरं काय ते परतताना घडलं. शेवटची बस गेलेली. चालत चाळीस मिनिटं. वीसजणींचा घोळका रस्त्यावर आपोआप दोन-दोन, तीन-तीन असा तुटत गेला आणि माझ्या वाट्याला तीच मुलगी आली, तीनदा विभाग विचारणारी. तिला नव्या बुटांनी टाच कापली होती. तिने बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालायला लागली. रस्ता ओला होता. मी माझे जाडे मोजे काढून तिला दिले, एवढंच. पुढच्या दिव्याच्या खांबापाशी ती म्हणाली, "माझे आजोबा मागच्या महिन्यात गेले. इथे कुणालाच माहीत नाही." मग ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले, मग मीही बोलले. आईला मैत्रिणी झाल्याचं खोटं सांगते, हेसुद्धा बोलले. होस्टेलच्या फाटकाशी आम्ही आणखी अर्धा तास उभ्या होतो.

खोलीत आल्यावर मात्र मला रडू आलं. काय गरज होती एवढं बोलायची? काय म्हणत असेल ती? माझी रूममेट मानसशास्त्राची. ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, यावर संशोधन झालंय. २०१८ साली काही मानसशास्त्रज्ञांनी तपासलं, की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की दोघांनाही वाटतं, समोरच्याला आपण फारसे आवडलो नाही. प्रत्यक्षात समोरच्याला आपण जेवढे आवडलेलो असतो, त्यापेक्षा आपण कमीच धरतो. त्यांनी वसतिगृहात एकत्र राहणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही पाहिले, आणि हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. "तीही आत्ता वर जाऊन हेच म्हणत असेल," रूममेट म्हणाली. तसंच निघालं. दुसऱ्या दिवशी माझे मोजे धुऊन परत आले, सोबत चिठ्ठी: "काल फार बोलले का मी?"

त्यानंतरचा महिना जिन्याचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिना जिथे वळतो तिथे जरा रुंद जागा आहे, वर एक दिवा, बाजूला खिडकी. रूममेटला लवकर झोप यायची म्हणून मी तिथे पुस्तक घेऊन बसायला लागले. मनात दुसरं काही नव्हतं. पण जिना सगळ्यांचा. वर जाणारी थांबायची, "काय वाचतेस?" खाली येणारी थांबायची, "पाणी आलंय का गं वर?" एकजण बसली की दुसरी बसायची. तीन आठवड्यांत तिथे कट्टा झाला. रात्री अकराला पायऱ्यांवर आठ-नऊ जणी, कुणी नखं कापतेय, कुणी उद्याच्या असाइनमेंटचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवतेय.

रूममेटने याचंही मूळ काढून दिलं. १९५० साली लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे दोन सहकारी यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी वसाहतीतल्या शेजाऱ्यांचा. मैत्री कुणाशी होते? स्वभाव जुळतो त्याच्याशी, असं आपण म्हणतो. त्यांना दिसलं ते असं, की लागून दार असलेल्यांनी एकमेकांना मित्र म्हणून सांगण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची तर वरच्या मजल्यावरही मैत्री. अंतर काही फुटांचंच, तरी एवढा फरक. मला यातून फार धीर आला. म्हणजे सहा आठवडे माझी कुणाशी मैत्री झाली नाही ती मी बंद दारामागे होते म्हणून. दार उघडणं तर माझ्या हातात होतं.

आणखी एक आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने हिशेब मांडला, की ओळखीच्या माणसाची साधी मैत्रीण व्हायला सोबत घालवलेले साधारण ५० तास लागतात, चांगली मैत्रीण व्हायला ९०च्या आसपास आणि जिवाभावाची व्हायला २००हून जास्त. वर्गात शेजारी बसलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत, मोकळे तास यावे लागतात. पन्नास तास! आठवड्यातून एकदा तासभर भेटून याला जवळजवळ वर्ष लागतं. पण रोज रात्री दीड तास जिन्यावर बसलं तर पाच आठवड्यांत होतं.

मग मी सुटलेच. नोव्हेंबरपासून आठवड्यातल्या पाच रात्री मी बाहेर किंवा जिन्यावर. कुणाचा वाढदिवस, नाटकाच्या तालमी, मध्यरात्रीनंतर नदीच्या पुलावर जाऊन बसणं, कुणाच्या तरी भाड्याच्या फ्लॅटवर जमणं. एकही प्लॅन सोडवेना, कारण सोडला तर दुसऱ्या दिवशी ज्या गोष्टीवर सगळ्या हसतील तिच्यात मी नसेन. सकाळी साडेआठच्या तासाला मी बसून झोपायचे. या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं हे खरं आहे. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या, तेव्हा माणूस सगळ्यात उशिरा झोपतो तो विशीच्या आसपास, असं दिसलं. पण माझं घड्याळ पुढे गेलं म्हणून साडेआठचा तास पुढे जात नव्हता. सहामाहीत एक पेपर राहिला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पुन्हा दिला, सुटला.

आता जे सांगायचंय ते फेब्रुवारीतलं.

एका वर्गमित्राच्या फ्लॅटवर जमलो होतो. आमच्या चौथ्या मजल्यावरची एकजण खूप प्यायली होती. ती नेहमी प्यायची नाही, त्या दिवशी तिचं घरी भांडण झालं होतं. अकराच्या सुमारास ती सोफ्यावर उताणी आडवी झाली. कुणीतरी अंगावर जाकीट टाकलं. कुणी म्हणालं, "झोपू दे, सकाळी ठीक होईल." खोलीत आम्ही नऊ जण होतो. नऊही जणांनी तिच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बाकीचे शांत दिसतायत म्हणजे ठीक असेल असं धरून गप्पा पुढे सुरू केल्या. मीही.

मग नर्सिंगची एक मुलगी आली. तिची ड्यूटी संपवून उशिरा आली होती, पाठीवरची सॅकही उतरवलेली नव्हती. तिने सोफ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही शेवटचं कधी बोलली?" कुणालाच सांगता येईना. तिने खांद्याला धरून हलवलं, हाक मारली, कानाची पाळी चिमटली. काही नाही. मला म्हणाली, "इकडे ये, गुडघ्यावर बस. हिच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघ. ते वर आलं की मोजायला लाग, पुन्हा वर येईपर्यंत."

पांढरं, चार भोकांचं बटण, एका भोकातला दोरा सुटलेला. ते वर आलं. एक, दोन, तीन, चार. मागे कुणीतरी गाणं बंद केलं. सात, आठ. माझी नजर हलत नव्हती. अकराला बटण पुन्हा वर आलं. "अकरा," मी म्हणाले. "ॲम्ब्युलन्स बोलव," ती म्हणाली. "आत्ता."

त्या क्षणी खोलीतून जे आवाज आले ते मला अजून आठवतात. वॉर्डनला कळेल. तिच्या घरी कळेल. फ्लॅटमालक आम्हांला काढेल. थोडं थांबू या. कॉफी देऊ या. तोंडावर गार पाणी मारू या. नर्सिंगची मुलगी एकही शब्द वाढवून बोलली नाही. तिने सोफ्यावरच्या मुलीचा आमच्यापासून दूरचा हात छातीवरून आणून पंजाची मागची बाजू गालाला टेकवली, दूरचा गुडघा उभा केला आणि तो धरून तिला एका झटक्यात आमच्याकडे कुशीवर वळवलं. हनुवटी जरा वर केली. वळवल्यावर मिनिटभरातच तिला उलटी झाली. उताणी असती तर ती घशात गेली असती. मी तोंड पुसत होते आणि माझे हात थरथरत होते.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंथरुणात उठून बसली आणि मला पाहून तिने तोंड फिरवलं, लाजेने. मी तिच्या पलंगावर बसून राहिले. आम्ही बोललो काहीच नाही.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये पहाटे त्या नर्सिंगच्या मुलीने मला जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं देते, कारण हे ज्याला त्याला माहीत असायला हवं. यकृत साधारण तासाला एक युनिट, म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल, एवढंच निपटू शकतं. कॉफीने, आंघोळीने, चालवल्याने त्याचा वेग वाढत नाही. शेवटचा घोट घेतल्यावरही पोटातलं रक्तात चढत राहतं, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था झोपेतच बिघडू शकते. हाका मारून जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंद किंवा जास्त अंतर, अंग गार, ओठ निळसर, यातलं एक जरी दिसलं तरी मदत बोलवायची. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. कुशीवर वळवायचं आणि एकटं सोडायचं नाही.

आणि आम्ही नऊ जण गप्प का बसलो? याचं उत्तर मी कित्येक दिवस शोधत होते. रूममेटनेच एक प्रयोग वाचायला दिला. १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर केलेला. इंटरकॉमवर बोलताना पलीकडच्या मुलाला फिट आल्याचं ऐकू येतं. ऐकणारा आपण एकटेच आहोत असं समजत असेल तर ८५ टक्के जण तो आवाज बंद पडायच्या आत मदतीला धावतात. आणखी चार जण ऐकतायत असं वाटत असेल तर फक्त ३१ टक्के. वाईट माणसं नव्हती ती, आमच्यासारखीच होती. वाचताना मला त्या खोलीतले सगळे चेहरे दिसत होते, माझाही.

त्यानंतर आमच्या ग्रुपमध्ये कुणी नियम असे ठरवले नाहीत, पण सवयी बदलल्या. बाहेर पडताना त्या रात्रीची जबाबदारी एकीची. ती पीत नाही, ती मोजते. निघताना किती होतो, परतताना किती आहोत. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" असं आता कुणी म्हणत नाही, कारण सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही, हे आम्ही पाहिलंय. "तू हिच्याजवळ बस, तू फोन कर," असं नाव घेऊन सांगायचं. आणि जिची वाट वेगळी आहे तिने पोचल्यावर ग्रुपवर एकच शब्द टाकायचा: पोचले. तो येईपर्यंत मोजणारी झोपत नाही.

आणखी एक बदल माझ्या हट्टाने झाला. घरून ये-जा करणाऱ्या मुली आमच्यात कधीच नव्हत्या, कारण आमचं सगळं सुरूच व्हायचं त्यांची बस सुटल्यावर. त्या येत नाहीत, असं आम्ही खुशाल म्हणायचो. मार्चपासून आठवड्यातला एक दिवस आम्ही साडेपाचला भेटतो, साडेनऊला संपवतो. त्यात न पिणाऱ्याही आल्या, ज्यांना गर्दी सोसत नाही त्याही आल्या. माझ्या वर्गातली एक मुलगी किती सुंदर गाते हे मला आठ महिन्यांनी कळलं. आठ महिने ती माझ्या मागच्या बाकावर बसत होती.

एप्रिलमधली एक रात्र. दीड वाजलेला, आम्ही दहाजणी गल्लीतून गात परतत होतो. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. आता ओरडा बसणार असं वाटून आम्ही थबकलो. खिडकीतल्या बाईंचे केस विस्कटलेले, खांद्यावर बाळ. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आत्ताच झोपलाय गं." बस, एवढंच. आम्ही पायातले बूट काढून उरलेली गल्ली चाललो.

विद्यार्थ्यांची रात्र आणि शहराची झोप यांचं भांडण फार जुनं आहे. माझा विषय म्हणून मला माहीत. १२२९ साली पॅरिसमध्ये मद्यालयातल्या बिलावरून मारामारी झाली, शहराच्या शिपायांनी विद्यार्थ्यांना ठार केलं, आणि विद्यापीठ दोन वर्षं बंद पडलं. ऑक्सफर्डला १० फेब्रुवारी १३५५ रोजी वाईन चांगली नाही म्हणून वाद पेटला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ६३ विद्यार्थी आणि तीसेक गावकरी मेले. त्याचं प्रायश्चित्त शहराचे महापौर दरवर्षी घेत होते, थेट १८२५ पर्यंत. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. त्या गल्लीत अनवाणी चालताना मात्र मला वाटलं, त्या शहरांतही अशीच कुठे तरी एक खिडकी असेल, आणि खांद्यावर बाळ घेतलेली बाई. आता त्या गल्लीत आम्ही गात नाही. दिवसा त्या बाई दिसल्या की हात करतात.

गेल्या शनिवारी मोजणारी मी होते. सहाजणी गेलो होतो, त्यात ती नवीन मुलगीही, पहिल्यांदाच. परतताना दोन गट पडले. मी खोलीत येऊन फोन समोर ठेवून बसले. पोचले. पोचले. दोन मिनिटांनी आणखी दोन. पाचवा शब्द माझा मीच टाकला. सहावा येईना. फोन केला तर बंद. पावणेदोन झाले. मी चपला पायात सरकवून बाहेर आले, कॉरिडॉर ओलांडला आणि जिन्याकडे वळले.

वळणावरच्या दिव्याखाली ती बसली होती. फोनची बॅटरी संपलेली, बूट शेजारी काढून ठेवलेले. तिच्या बाजूला आमच्याच मजल्यावरची दुसरी एक नवीन मुलगी, जी संध्याकाळी खोलीतून बाहेर पडायला तयार नव्हती. दोघी काहीतरी फार महत्त्वाचं बोलत होत्या, कारण मला पाहून एकदम थांबल्या.

"सॉरी ताई, सांगायचं राहिलं. पोचले मी."

"सहा," मी म्हणाले, आणि तिच्या खालच्या पायरीवर बसले.